टेबलावरचं उद्योगपर्व

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्या जातीचा कुठलाही खेळ वर्षभर टिकला की त्यात एक संध्याकाळ ठरलेली असते. सुरुवातीला गुहेतले राक्षस मारत फिरणारी चार-पाच पात्रं एव्हाना मातब्बर झालेली असतात. एकाची स्वतःची गढी, दुसरीच्या हाताखाली दीडशे स्वार, तिसऱ्याला राजानं परगणा लावून दिलेला. मग गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, जाहीर करतो की शेजारचा राजा दहा हजारांची फौज घेऊन चालून येतोय. सगळे सरसावून बसतात. तासाभरानं निम्मे लोक मोबाइल चाळत असतात.

असं होतं, कारण गेम मास्टर दोनपैकी एका वाटेनं जातो. एक वाट हिशेबाची. दहा हजारांची शंभर-शंभरांची पथकं पाडायची, प्रत्येकाला हल्ल्याचा आणि बचावाचा आकडा द्यायचा, आणि फासे टाकत बसायचं. बरीच बेरीज-वजाबाकी झाल्यावर कळतं की डाव्या बगलेवरची दोन पथकं गारद झाली, आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. दुसरी वाट कीर्तनाची. गेम मास्टर रंगून लढाई सांगतो, बाकीच्यांनी मान डोलवायची आणि आपण जिंकलो की हरलो ते ऐकून घरी जायचं. पहिल्या वाटेवर खेळाडूचं पात्र हरवतं, दुसरीवर खेळाडूच हरवतो.

माझ्या मते दोन्ही वाटा एकाच ठिकाणी फसतात. लढाई म्हणजे रणांगणावरचे काही तास, असं धरून त्या चालतात. सरंजामी व्यवस्थेत राजाची स्वतःची फौज थोडीच असते. बाकी सगळे सरदार, आणि प्रत्येकानं कधीतरी, कशाच्या तरी बदल्यात, इतके स्वार घेऊन येईन असं लिहून दिलेलं असतं. तो येतो का, कितीजणांनिशी येतो, किती दिवस थांबतो, आणि कोणाच्या शेजारी उभं राहायला नकार देतो, यावर निम्मी लढाई आधीच ठरते. नियम करायचेच तर आधी या कबुलायतींचे करा. तलवारीचे नियम पुस्तकात आहेतच.

मराठी वाचकाला हे नवीन वाटायचं कारण नाही. महाभारतात अक्षौहिणीचा हिशेब चोख दिलेला आहे: २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अशा अठरा अक्षौहिणी. पण एकदा आकडा सांगून झाला की कथा त्याच्याकडे फारशी वळून बघत नाही. युद्ध ठरतं उद्योगपर्वात. नारायणी सेना हवी की निःशस्त्र कृष्ण, हा प्रश्न तिथेच विचारला जातो. कर्णाला त्याचा जन्म तिथेच कळतो. रुक्मी आधी पांडवांकडे आणि मग कौरवांकडे मदतीची बढाई मारत जातो आणि दोन्हीकडून परत फिरतो. आणि शल्य! नकुल-सहदेवांचा सख्खा मामा, भाच्यांच्या मदतीला निघालेला. वाटेत दुर्योधनानं मुक्कामाची अशी काही बडदास्त ठेवली की ही सोय कोणी केली हे कळायच्या आत मामा वचन देऊन मोकळा झाला. एका पाहुणचारानं एक फौज बाजू बदलते, आणि पुढे कर्णाच्या रथावर बसून हाच शल्य त्याचं मन खच्ची करत राहतो. यात कुठेही पथकाचा हल्ल्याचा आकडा लागत नाही. लागते ती नोंद: कोणी कोणाकडे काय खाल्लं आणि त्याच्या बदल्यात काय बोलला.

हिशेबाची वाट कुठून आली, हेही बघायला हवं. हा खेळ फौजांच्या खेळातूनच निघाला. प्रशियात राइसवित्झ बापलेकांनी नकाशावर ठोकळे सरकवून लढाई खेळायची पद्धत बसवली. मुलानं १८२४ साली केलेले नियम सैन्याच्या अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरले गेले. दीडेकशे वर्षांनी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ छापलं. त्यात शिशाची एक बाहुली म्हणजे वीस माणसं. त्याच पुस्तकाच्या कल्पनारम्य पुरवणीत ‘हिरो’ आला, जो एकटा चार माणसांच्या ताकदीनं लढतो. डेव्ह आर्नेसननं त्या हिरोला फौजेतून उचलून तळघरात उतरवलं, आणि १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला. पात्राची बढती झाली की त्यानं किल्ला बांधावा, माणसं पदरी ठेवावीत, मुलूख सांभाळावा, अशी योजना त्या पहिल्या आवृत्तीतच होती. म्हणजे फौजेतून बाहेर पडलेला माणूस बढती मिळवून पुन्हा फौजेतच परततो. फक्त मधल्या काळात खेळणाऱ्यांची सवय बदललेली असते. त्यांना आता वीस माणसांची बाहुली नको असते, त्यांना त्यांचा माणूस हवा असतो. पुढे या खेळात मोठ्या लढायांसाठी ‘वॉर मशीन’, ‘बॅटलसिस्टिम’ अशा कितीतरी जोडण्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक चतुर आहेत आणि बहुतेक कपाटात आहेत. ग्रेग स्टॅफर्डचा १९८५ चा ‘पेंड्रॅगन’ मला या सगळ्यांत शहाणा वाटतो, कारण तो लढाई एका सरदाराच्या डोळ्यांनी दाखवतो आणि वर्षाचा हिवाळा घर, लग्न, वारस आणि शेतसारा यांसाठी राखून ठेवतो.

पण पेंड्रॅगन आर्थर राजाचा. त्यातली सरंजामशाही इंग्लंडच्या थंडीवर बेतलेली. मी राहतो त्या यवतमाळ जिल्ह्यात याहून अडचणीचा, आणि म्हणून खेळायला याहून सरस मामला घडून गेलेला आहे. भाम हे नाव आज जिल्ह्यातसुद्धा फारसं कोणाच्या तोंडी नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वऱ्हाडातल्या मराठी सत्तेचं ठाणं होतं.

परसोजी भोसले हा १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूला अगदी आधी येऊन मिळालेला मोठा सरदार. आलेला माणूस खरा शाहू की तोतया, अशी कुजबुज चालू असताना परसोजी त्याच्या ताटात जेवला आणि शंका मिटवली, असं सांगतात. (पुन्हा जेवण. आपल्याकडच्या राजकारणात पंगत कुठे बसली हे फौजेच्या आकड्याइतकंच बघावं लागतं.) त्याला सेनासाहेब सुभा हा किताब मिळाला आणि वऱ्हाडात चौथाई वसूल करायचा हक्क. त्याच्यामागे मुलगा कान्होजी गादीवर आला, भामला राहून कारभार करू लागला. त्याला बरीच वर्षं मूल नव्हतं, म्हणून नात्यानं पुतण्या लागणाऱ्या रघूजीला त्यानं हाताशी धरलं. मग कान्होजीला मुलगा झाला, रायाजी. पुढचं कुठल्याही वऱ्हाडी घरात कोणी सांगायची गरज नाही. रघूजी बाहेर पडला. काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे, काही काळ एलिचपूरच्या नबाबाकडे चाकरी करून तो शेवटी साताऱ्याला शाहूपाशी पोचला. तिथे त्याच्यावर मर्जी बसली, ती इतकी की शाहूनं शिर्क्यांच्या घरातली, आपल्या एका राणीची बहीण त्याला दिली. इकडे कान्होजीचा पैसा वेळेवर पोचेना, बोलावणं आलं तरी तो टाळू लागला, निजामाशी त्याचं संधान असल्याचा संशय वाढला. अखेर १७३० च्या सुमारास रघूजी काकाला धरून आणायला निघाला. भामला वेढा पडला, कान्होजी तिथून निसटला, वणीजवळ मंदर इथे गाठला गेला आणि हरला. साताऱ्याच्या कैदेतच तो वारला. सेनासाहेब सुभा हा किताब रघूजीकडे आला.

आता हे गेम मास्टरच्या डोळ्यांनी बघा. फासे टाकण्याजोगं यात किती आहे? भामचा वेढा, वणीकडे पाठलाग, मंदरची झुंज. रेटून खेळलं तरी दोन बैठका. पण त्याआधीचा ऐवज वर्षभर पुरेल. रायाजी जन्मल्याची बातमी येते त्या बैठकीत रघूजीची भूमिका करणाऱ्या खेळाडूनं काय करायचं? काकाच्या पायाशी बसून वाट बघायची, की उठून जायचं? गेला तर कोणाकडे? गोंड राजाची चाकरी घेतली तर उद्या साताऱ्याचे लोक विश्वास ठेवतील का? आणि कान्होजीच्या बाजूनं बघितलं तर त्याचं काय चुकलं? स्वतःच्या मुलासाठी घर राखलं, आणि दूरच्या धन्याला पैसे पाठवायला उशीर केला. असा उशीर करणारे सरदार मराठेशाहीत काही कमी नव्हते. चांगला गेम मास्टर दोन्ही बाजूंना खेळाडू बसवेल आणि स्वतः शाहू होईल: लांबवर बसलेला, दोघांचंही ऐकणारा, दोघांकडूनही पैसे मागणारा.

किताब देताना रघूजीकडून ज्या अटी लिहून घेतल्या, त्या इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवल्या आहेत. सरकारच्या चाकरीसाठी पाच हजार घोडेस्वार कायम ठेवायचे. वर्षाला नऊ लाख भरायचे. घासदाणा, म्हणजे स्वारांच्या दाणावैरणीपोटीची वसुली, सोडून जी काही खंडणी, लूट मिळेल तिचा अर्धा हिस्सा धन्याचा. गरज पडली तर दहा हजार स्वार उभे करून पेशव्याबरोबर किंवा सांगतील तिकडे जायचं. मला हा सगळ्या पुस्तकी नियमांहून चांगला कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) वाटतो. यातला प्रत्येक आकडा एक देणं आहे, आणि प्रत्येक देण्यातून एक बैठक निघते. पाच हजार स्वार ठेवायचे तर त्यांचा पगार येणार कुठून? मुलूखगिरीतून. मुलूखगिरी करायची तर कोणाच्या मुलखात? शेजारचा मुलूख पेशव्यानं आधीच कोणाला लावून दिला असेल तर? रघूजीच्या फौजा पुढे बंगालपर्यंत का गेल्या, याचं एक उत्तर या कबुलायतीतच आहे.

आमच्या टेबलावर सरदाराला शौर्याचा किंवा निष्ठेचा आकडा दिलेला नसतो. निष्ठा सात, शौर्य चौदा असं लिहिलं की माणूस संपतो. त्याऐवजी एका कार्डावर तीनच गोष्टी: हा कोणाचं काय देणं लागतो, याचं कोणाकडे काय येणं आहे, आणि कुठला अपमान हा विसरलेला नाही. मोठ्या लढाईआधी कार्डं टेबलावर पालथी ठेवायची. खेळाडू ज्या सरदाराशी बोलून येतात, ज्याच्या घरच्या लग्नाला जातात, ज्याचं थकलेलं भागवतात, त्याचं कार्ड उलटं होतं. उरलेली लढाईच्या दिवशी उलटतात. फासा टाकायचाच असेल तर तो तेव्हा, आणि तोही ‘तो येतो का’ यावर.

इथल्या भूमीनं आणखी एक गोष्ट दिली आहे, जी युरोपीय नमुन्यात मला इतक्या उघडपणे सापडत नाही: दोअमली. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजामाचा आणि नागपूरकर भोसल्यांचा असा दोघांचा अंमल एकाच वेळी चाले. सुभा निजामाचा. वसुलातली चौथाई, म्हणजे पाव हिस्सा, आणि सरदेशमुखीचा दहावा हिस्सा मराठ्यांचा, वर घासदाणा. त्याच गावात दोघांची माणसं यायची, त्याच पाटलाला विचारायची, आणि मधे देशमुख-देशपांडे आपापली वतनं सांभाळत दोघांनाही रामराम करायचे. देवगावच्या तहानं डिसेंबर १८०३ मध्ये वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला, तेव्हा कुठे हे दुहेरी प्रकरण संपलं.

आम्ही हे खेळलो ते अडाण नदीच्या काठचा एक काल्पनिक परगणा घेऊन. देशमुखीण झालेली मुलगी बँकेत काम करते, पण टेबलावर बसली की तिची भाषा तिच्या आजीची होते. एकाच दिवशी तिच्या गढीत दोन पत्रं आली. निजामाचा आमील म्हणतो, वसूल आठ दिवसांत पोचवा, शिवाय शंभर स्वार द्या. भोसल्यांचा कमाविसदार म्हणतो, आमचा हिस्सा पंधरवड्यात, आणि आमिलाला एक स्वार गेला तर गढी पाडू. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला म्हणाली, “भाऊ, वसूल तं एकच आहे. दोघायले कुठून देऊ?” मी काहीच बोललो नाही. मग तिनं तिसरंच केलं. परगण्यातलं धान्य बंजारा नायकाला विकलं, तांडा रातोरात पैनगंगेपार लावून दिला आणि दोघांनाही कळवलं की कोठारं रिकामी आहेत, येऊन बघा. दोन्ही फौजा आल्या, दोघांनाही दाणा मिळाला नाही, आणि दोघांच्याही घोड्यांनी ज्वारीच्या उभ्या कडब्यावर ताव मारला. लढाई झाली नाही. पण त्या बैठकीत कोणी मोबाइलला हात लावला नाही.

बंजाऱ्यांचा उल्लेख सहज आला, पण त्यांच्याशिवाय इथल्या लढायांचं गणितच सुटत नाही. मोठ्या फौजांमागे धान्य नेणारे हे लमाणांचे तांडे हजारो बैलांवर दाणा लादून चालायचे आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंना विकायचे. शहाजहानच्या काळात आसफखानानं भंगी आणि जंगी या नायकांना ताम्रपट दिला, त्यात पाणी आणि छपराचं गवत हवं तिथून घ्यायची मोकळीक होती आणि दिवसाला तीन खून माफ होते, अशी परंपरा बंजाऱ्यांत सांगितली जाते. वऱ्हाडच्या पोलीस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात ती टिपून ठेवली. ताम्रपट अक्षरशः खरा असो नसो, फौजेला तांड्याची किती गरज होती हे त्यातून दिसतं. पुसद, दिग्रसकडे आजही तांडे आहेत. याच भागातल्या गहुलीचे, बंजारा समाजातलेच वसंतराव नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. अशा खेळात नायकाला दुकानदारासारखं कोपऱ्यात बसवणारा गेम मास्टर आपल्या हातातलं सर्वांत बलवान पात्र वाया घालवतो. नायकानं रस्ता बदलला तर दहा हजारांची फौज पंधरा दिवसांत निम्मी होते, आणि त्यासाठी एकही फासा लागत नाही.

आणखी एक नियम पावसाचा. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मृग लागायच्या आत घरी, हे मुलूखगिरीचं वेळापत्रक भक्तिभावानं पाळलं जात नव्हतं, ते काळ्या मातीनं घालून दिलेलं होतं. यवतमाळच्या काळ्या रानात पहिला दणका पाऊस झाला की तोफेचा गाडा आसापर्यंत रुततो. वर्धा आणि पैनगंगा भरल्या की पलीकडची फौज पलीकडेच. तेव्हा पेंड्रॅगनच्या हिवाळ्याच्या जागी इथे चातुर्मास धरावा. मोहीम आठ महिने, घर चार महिने. त्या चार महिन्यांत हिशेब, दत्तक, लग्नं, वतनाचे तंटे. बहुतेक गेम मास्टर हा भाग दोन वाक्यांत उडवतात, ‘पावसाळा गेला, दसरा आला’ म्हणून. पुढच्या वर्षीची सगळी भांडणं त्याच पावसाळ्यात पेरली जातात. रायाजीचा जन्म कुठल्या ऋतूत झाला कोण जाणे, पण मी तो पावसाळ्यातच घालेन: रस्ते बंद, काका-पुतण्या एकाच गढीत.

मग लढाईचा दिवस. इथे मी पानिपताचा आधार घेतो, कारण ते प्रत्येकाला माहीत आहे. १४ जानेवारी १७६१. फौज उपाशी, कारण रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले आदल्या महिन्यातच मारले गेले. म्हणजे निम्मी लढाई आधीच झालेली. दिवसभर जे घडलं त्यातले निर्णायक क्षण मोजके: विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर चढले, अंबारी रिकामी दिसल्यावर मागच्यांचा धीर सुटला, मल्हारराव होळकर बाहेर पडले. टेबलावर हेच खेळायचं. प्रत्येक खेळाडूला मैदानातली एक जागा द्यायची आणि योग्य वेळी एकच प्रश्न विचारायचा. ‘कोणावर वार करतोस’ हा नव्हे. ‘थांबतोस की निघतोस’ हा. मल्हाररावांच्या जागी बसलेल्या खेळाडूला दुपारी तो विचारा. तो उत्तर देईपर्यंत टेबलावर कोणी श्वास घेणार नाही.

निर्णय शस्त्राचाच असतो असंही नाही. पैनगंगेच्या काठचं माहूर आमच्या जिल्ह्याच्या अगदी कुशीला. तिथली देशमुखीण रायबागन फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाबरोबर होती. शिवाजीच्या माणसांनी खिंडीची दोन्ही तोंडं बंद केली, आत पाणी नाही. खानाला शरण जायचा सल्ला तिनं दिला आणि खान खंडणी भरून सुटला. तिच्या एका बोलण्यानं शेकडो जीव वाचले. हल्ल्याचा आकडा घेऊन बसलेल्या पद्धतीत रायबागनच्या खेळाडूला त्या दिवशी करायला काहीच उरलं नसतं.

आणि पराभव कसा खेळायचा, तेही याच जिल्ह्यात घडलेलं आहे. आष्टीला फेब्रुवारी १८१८ मध्ये सेनापती बापू गोखले पडल्यावर पेशवा दुसरा बाजीराव पूर्वेकडे आला, नागपूरकरांची मदत मिळेल या आशेनं. नागपूरचे आप्पासाहेब तोवर इंग्रजांच्या कैदेत गेले होते. वर्धा ओलांडून चांद्याकडे जायचा मार्ग बंद झाला. १७ एप्रिल १८१८ ला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सनं त्याला गाठलं. घोडदळ आणि घोड्यांनी ओढायच्या तोफा एवढ्यावर पेशव्याची उरलीसुरली फौज उधळली गेली. बाजीराव घोड्यावरून जेमतेम निसटला. गेम मास्टरनं शिवणीची झुंज पंधरा मिनिटांत संपवावी, आणि उरलेला वेळ त्या रात्रीला द्यावा. पेशवा पुढे निघून गेलाय, तोफा गेल्या, उन्हाळ्यात विहिरी आटल्यात. तुम्ही त्याचे सरदार. सकाळी कोणीकडे जाणार? खऱ्या इतिहासात एकेक करून बरेच जण घरी गेले, आणि ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला.

यावर एक आक्षेप मला दरवेळी ऐकू येतो, आणि तो हलका नाही. आकडे काढून टाकले तर सगळं गेम मास्टरच्या मर्जीवर येतं. त्याला आवडणारा खेळाडू जिंकतो. फाशाला कोणी लाडका नसतो. राइसवित्झच्या खेळातही हाच वाद झाला. तक्त्यांचं जंगल इतकं वाढलं की अधिकारी खेळायला कंटाळले, तेव्हा १८७६ साली व्हेर्डी दु व्हेरन्वा या जनरलनं तक्ते बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या शहाणपणावर सोपवायची पद्धत मांडली. पंच शहाणा असेल तर ती झकास चालते, नसेल तर पंचाचीच दादागिरी. मला वाटतं, उपाय फासा फेकून देण्यात नाही आणि शंभर फासे टाकण्यातही नाही. टाकण्याआधी पणाला काय लागलंय ते मोठ्यानं सांगा. ‘पाचच्या खाली पडलं तर तुझा भाऊ वेढ्यातून बाहेर येणार नाही’ असं म्हणून टाकलेला एक फासा सगळ्या तक्त्यांना भारी आहे, आणि त्यात मर्जीला जागा राहत नाही. सरदाराच्या कार्डावर काय लिहिलंय तेही लढाईनंतर सगळ्यांना वाचायला द्यावं. लपवलेला कागद हा गेम मास्टरचा सर्वांत मोठा मोह असतो.

दुसरा आक्षेप असा की महाराष्ट्रात इतिहासाशी खेळणं महागात पडतं. खरं आहे. मी नावं बदलतो. भाम ठेवत नाही, भोसले ठेवत नाही. काका, पुतण्या, उशिरा झालेला मुलगा आणि लांबचा धनी ठेवतो. यात मला भित्रेपणा वाटत नाही. उलट नाव बदललं की खेळाडू मोकळेपणानं कान्होजीची बाजू घेऊ शकतो, जे खऱ्या नावानिशी करताना त्याची जीभ अडखळते.

एक उणीव मात्र या साऱ्या प्रकारात उरते, माझ्या पद्धतीतही. सरंजामी खेळ सरदारांच्या उंचीवरून खेळला जातो. ज्या कोलामाच्या पोडातून, म्हणजे वस्तीतून, घोडे गेले, ज्या कुणब्याचा कडबा दोन्ही फौजांनी खाल्ला, तो टेबलावर कुठे आहे? म्हणून मोहिमेच्या मधे एक बैठक अशी घ्यावी, की त्यात खेळाडू आपापले सरदार बाजूला ठेवून एकाच गावचे पाटील, कुळकर्णी, महार, तेली होतात, आणि त्यांच्याच सरदारांचे लोक घासदाणा मागायला येतात. धान्य कुठे पुरायचं, किती कबूल करायचं, कोणाला ओलीस द्यायचं. गेम मास्टर घासदाण्याची जी मागणी पुढे करतो, ती मागच्या बैठकीत त्याच खेळाडूंनी बेफिकीरपणे ठरवलेली असते. तेवढं पुरतं, त्यावर भाषण देऊ नये.

शेवटी तह. हाही भाग पुस्तकात अर्ध्या पानाचा असतो, आणि मला तो लढाईहून जास्त प्रिय आहे. १७६९ साली माधवराव पेशवा आणि जानोजी भोसले यांचं जे युद्ध झालं, त्यात निर्णायक लढाई अशी झालीच नाही. पेशव्यानं नागपूर लुटलं, चांद्याला वेढा दिला. जानोजी तिकडे अडकायचं सोडून पुण्याच्या रोखानं निघाला. दोन्ही फौजा एकमेकींच्या घराकडे धावत होत्या. अखेर मार्चमध्ये कनकापूरला तह झाला. जानोजीनं पेशव्याच्या परवानगीशिवाय फौज वाढवायची नाही, बोलावलं की हजर व्हायचं, औरंगाबाद सुभ्यात घासदाणा घ्यायचा नाही. यातली शेवटची अट कागदावर किरकोळ दिसते. पण घासदाणा म्हणजे स्वारांचं पोट. तो बंद केला की जानोजीचे किती सरदार पुढच्या दसऱ्याला दारात उभे राहतील, हे दोन्ही बाजूंना चांगलं ठाऊक होतं. आम्ही असा तह खेळलो तेव्हा नजराण्याची रक्कम पाच मिनिटांत ठरली. घासदाण्याचं कलम लिहायला सगळी संध्याकाळ गेली, कारण भोसल्यांच्या जागी बसलेला मुलगा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता: सुभ्याची हद्द नेमकी कुठे संपते, आणि हद्दीवरचं गाव कोणाचं.